कोकणातून नागपूरला आणलेल्या गिटारच्या टॉपला तडा: आधी काय करावं?

वैदर्भी_सूर

नमस्कार मंडळी. ड्रेडनॉट आकाराची ॲकॉस्टिक गिटार आहे. टॉप (तारांखालची पुढची फळी) सॉलिड, म्हणजे अखंड स्प्रूसचा, पाठ आणि बाजू लॅमिनेट (प्लाय), फ्रेटबोर्ड रोझवूड. चार वर्षं रत्नागिरीत होती, एप्रिलच्या मध्यावर नागपूरला आणली. तीन आठवड्यांत पुढचे बदल झाले:

ब्रिजच्या (तारा टॉपला जिथे अडकतात त्या पट्टीच्या) मागून खालच्या कडेकडे जाणारा साधारण ७ सेंमीचा तडा, लाकडाच्या रेषांना धरून. नख फिरवलं की अडकतं.

फ्रेटची (नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांची) टोकं दोन्ही कडांना बोटाला टोचतात.

१२व्या फ्रेटवर सहाव्या तारेची उंची २.४ मिमी होती, आता १.६ आहे. पहिल्या तीन फ्रेटवर तार खरखरते.

गिटार हॉलमध्ये भिंतीवरच्या हुकला टांगलेली असते. त्याच हॉलमध्ये संध्याकाळी सातपासून सकाळी सहापर्यंत कूलर चालतो. छोटं डिजिटल मीटर दुपारी २२ टक्के आर्द्रता दाखवतं आणि रात्री कूलर सुरू असताना ६८.

तड्यात फेव्हिकॉल भरून क्लॅम्प लावला तर चालेल का? फ्रेटची टोकं घासून घ्यावीत का? खरखर जायला ट्रस रॉड (नेकमधली धातूची सळई) फिरवावा का? आणि जूनमध्ये गिटार परत रत्नागिरीला न्यायची आहे, त्यासाठी काय तयारी करावी?

---

लाकूडकाम

पहिल्या तिन्ही प्रश्नांना उत्तर एकच: आत्ता नाही. तडा, टोचणारे फ्रेट आणि खाली गेलेली ॲक्शन (फ्रेटपासून तारांची उंची) ही एकाच दुखण्याची लक्षणं आहेत. लाकूड वाळलंय. ओलावा परत आला की यातली दोन आपोआप जातील आणि तिसऱ्याची दुरुस्ती सोपी होईल.

तडा उघडा असताना त्यात गोंद गेला की तो त्याच रुंदीला कायमचा अडकतो. पुढे लाकूड फुगलं तरी काठांना जवळ यायला जागा नसते, मग ताण शेजारच्या रेषेवर येतो. पातळ सुपरग्लू तर मुळीच नको. स्प्रूस तो शोषून घेतं, काठ काचेसारखे होतात आणि त्यांना नंतर कुठलाही चांगला गोंद धरत नाही. पांढरा गोंद वाळला की त्याच्यावरही नवा गोंद बसत नाही. मग तो खरवडून काढावा लागतो, आणि त्याबरोबर दोन्ही काठांचं चांगलं लाकूडही जातं.

आधी तडा लाकडाचाच आहे ना, हे बघा. रात्री खोली अंधारी करा, तारा ढिल्या करून मोबाइलचा टॉर्च साउंडहोलमधून आत धरा आणि बाहेरून टॉपकडे पाहा. केसाएवढी उजेडाची रेघ दिसली तर तडा आरपार आहे. रेघ दिसत नसेल तर तड्याच्या एका अंगाला अंगठ्याने अगदी हलकं दाबा. एक काठ खाली जाऊन दुसरा जागेवर राहिला तरी तडा लाकडाचाच. दोन्ही अंग एकत्र हलली तर फक्त फिनिश (वरचं पॉलिश) तडकलेलं असतं, त्याची घाई नाही. तुमचं वर्णन वाचून मला हा आरपार तडा वाटतो.

आता हे का झालं ते सांगतो, कारण ते कळलं की पुढचं सगळं लक्षात राहतं. लाकूड रेषांच्या दिशेने, म्हणजे लांबीत, जवळजवळ आकसत नाही. आकसतं ते रुंदीत. स्प्रूसच्या ओलाव्यात १ टक्का फरक पडला की रुंदीत साधारण ०.१५ टक्के फरक पडतो. रत्नागिरीच्या मार्च-एप्रिलच्या हवेत, ६५-७० टक्के आर्द्रतेला, लाकडात त्याच्या वजनाच्या १२-१३ टक्के पाणी असतं. २५ टक्क्यांच्या हवेत ते ५ टक्क्यांवर येतं. ड्रेडनॉटचा खालचा भाग ४०० मिमी रुंद असतो. एवढा टॉप मोकळा असता तर चार-साडेचार मिमी आकसला असता. पण तो मोकळा नाही. कडेने तो बाजूंना चिकटवलेला आहे, आणि खाली ब्रेसच्या पट्ट्या त्याच्या रेषांना आडव्या-तिरक्या बसवलेल्या आहेत. त्या पट्ट्या लांबीत आकसत नाहीत. टॉप आत ओढतो, पट्ट्या सोडत नाहीत, आणि पावणेतीन मिमी जाडीचा टॉप सगळ्यात अशक्त रेषेवर फाटतो.

बाहेरून चकचकीत फिनिश दिसतं म्हणून लाकूड झाकलेलं वाटतं. आत हात घालून बघा, सगळं कोरं लाकूड आहे. हवा तिथून लागते. फिनिश वेग कमी करतं, थांबवत नाही.

फ्रेटचंही तेच. रोझवूडची पट्टी रुंदीत आकसली, धातूचा फ्रेट होता तेवढाच राहिला, म्हणून टोक बाहेर आलं. ते आज घासलंत तर पावसाळ्यात पट्टी फुगेल आणि फ्रेट कडेपासून आखूड पडेल, पहिली तार कडेवरून घसरायला लागेल. ॲक्शनचं कारण म्हणजे टॉपचा हलका फुगवटा बसला आणि त्याच्याबरोबर ब्रिज खाली आला. त्यासाठी ट्रस रॉड फिरवणं म्हणजे दुखतं पोट आणि औषध गुडघ्याला.

हे पडताळायला ३०० मिमीची पोलादी पट्टी घ्या. ब्रिजच्या मागे, तारांना आडवी, टॉपवर उभ्या धारेने ठेवा. निरोगी टॉपवर पट्टी मध्ये टेकते आणि दोन्ही टोकांना एक-दीड मिमी फट राहते. तुमच्याकडे उलटं दिसेल: टोकं टेकलेली आणि मध्ये फट. ती फट किती आहे ते लिहून ठेवा. बरं होतंय की नाही, हे तीच सांगेल.

आता करायचं ते.

तारा दोन स्वर, म्हणजे चार फ्रेट, खाली उतरवा. अगदी सैल सोडू नका, पण तड्यामागचा ओढा कमी व्हायलाच हवा. गिटार भिंतीवरून काढून केसमध्ये ठेवा. हार्ड केस असेल तर उत्तम.

प्रवासात वापरतात तशा झाकणाच्या दोन प्लास्टिक साबणदाण्या घ्या. फक्त झाकणाला ५ मिमीची पंधरा-वीस भोकं पाडा, तळ अखंड ठेवा. आत भांडी पुसायचा सेल्युलोजचा स्पंज बसेल एवढा कापून घाला. स्पंज पाण्यात बुडवून पूर्ण पिळा, इतका की उलटा धरून हलवला तरी थेंब पडू नये. एका साबणदाणीत १५ ते २० मिली पाणी पुरे. पाणी डिस्टिल्ड किंवा आरओचं घ्या, नळाच्या क्षारांनी स्पंज कडक होतो. एक साबणदाणी हेडस्टॉकखाली (खुंट्यांच्या भागाखाली), दुसरी नेक जिथे अंगाला जुळते त्या टाचेजवळच्या मोकळ्या जागेत, भोकं वर करून. लाकडाला टेकवू नका. मीटर केसमध्येच, पण साबणदाणीपासून लांब.

दर दोन दिवसांनी स्पंज ओला करा. केसमध्ये ४८ ते ५० टक्के हवेत. ५५च्या वर गेलं तर एक साबणदाणी काढा.

धीर धरा. गिटारमध्ये साधारण पावणेदोन किलो लाकूड असतं. ५ टक्क्यांवरून ९ टक्क्यांवर न्यायचं म्हणजे त्यात ६० ते ७० ग्रॅम पाणी मुरायला हवं, आणि ते वाफेच्या रूपात, हळूहळू. त्याला तीन ते चार आठवडे लागतात. न्हाणीघरात गरम पाणी सोडून गिटार तिथे ठेवणं, ओलं फडकं आत घालणं, असले उपाय नकोत. आतली कोरी बाजू झपाट्याने फुगते, फिनिशकडची तशीच राहते आणि टॉप वेडावाकडा होतो. बटाट्याची फोड ठेवायचा जुना उपायही नको, तिला चार दिवसांत बुरशी येते.

---

अनुनाद

लाकूडकाम यांनी सांगितलेलं सगळं त्या मीटरच्या भरवशावर आहे, तेव्हा आधी मीटर तपासा. स्वस्त मीटर ५ टक्के इकडेतिकडे असणं नेहमीचं, कधी १०सुद्धा.

बाटलीचं झाकण घ्या, त्यात घरातलं मीठ भरा आणि थेंब-थेंब पाणी घालून ओल्या वाळूसारखं करा. वर पाणी तरंगता कामा नये. झाकण आणि मीटर घट्ट झाकणाच्या पारदर्शक डब्यात ठेवा, एकमेकांना न लागता, आणि डबा सावलीत बारा तास तसाच राहू द्या. ओल्या मिठावरची बंद हवा २० ते ३० अंशांच्या दरम्यान ७५ टक्क्यांवर स्थिर होते. डबा न उघडता मीटर वाचा. ७० दाखवत असेल तर मीटर ५ ने कमी दाखवतं, तेवढे मिळवायचे. मीटरमागे चिठ्ठी चिकटवून टाका.

दुसरं म्हणजे कूलर. विदर्भात लोक म्हणतात की उन्हाळ्यात कूलर असतोच, मग हवा कोरडी कुठे? गिटारला खरा त्रास इथेच होतो. दुपारी २२ आणि रात्री ६८, म्हणजे रोज दोनदा लाकडाचा पृष्ठभाग फुगतो आणि आकसतो. सॉलिड टॉपला सलग ३५ टक्के एकवेळ सोसतील, हा रोजचा हेलकावा सोसत नाही. कूलरच्या झोताच्या रेषेत गिटार असेल तर आणखी वाईट, कारण वाळ्याच्या किंवा हनीकोंबच्या पडद्यामागून बारीक तुषार येतात आणि तारांवर, फ्रेटवर गंज धरतो.

म्हणून मे महिन्यात नागपूर, अकोला, चंद्रपूरकडे गिटार भिंतीवर टांगायचीच नाही. वाजवून झाली की केसमध्ये. केस पश्चिमेच्या भिंतीला लावून नको, गच्चीखालच्या माळ्यावर नको. पलंगाखाली किंवा घराच्या मधल्या खोलीतल्या कपाटात ठेवा. आणि उन्हात उभ्या गाडीत दहा मिनिटंसुद्धा नको. आजच्या बहुतेक कारखानी गिटार ज्या पिवळ्या-पांढऱ्या गोंदाने जोडतात तो ६५ अंशांच्या आसपास मऊ पडायला लागतो, आणि बंद गाडीच्या काचेमागे मे महिन्यात तेवढी उष्णता सहज होते. तारांचा ओढा चालूच असतो, ब्रिज मागून उचलला जातो.

---

वैदर्भी_सूर

मिठाची चाचणी केली. मीटर ७१ दाखवतं, म्हणजे ४ ने कमी. पोलादी पट्टी ठेवली तर मध्ये जवळपास १ मिमी फट आहे. टॉर्चची रेघही दिसली, मागच्या साधारण ५ सेंमीत.

अडचण अशी की हार्ड केस नाही, गिग बॅग आहे. साबणदाण्या ठेवल्या तरी बॅगेत आर्द्रता ३५च्या वर जात नाही. आणि ती दुहेरी काम करणारी पाकिटं मिळतात, ४९ टक्क्यांची, ती घेतली तर हा स्पंजचा व्याप वाचेल का?

---

लाकूडकाम

गिग बॅगच्या कापडातून आणि चेनमधून हवा आरपार जाते. गादी किंवा मोठी वस्तू येते तसली जाड पॉलिथिनची पिशवी आणा, बॅग पूर्ण आत घाला, तोंड दोनदा दुमडून कपड्यांच्या चिमट्यांनी बंद करा. एका दिवसात फरक दिसेल.

पाकिटं चांगली आहेत, पण ती राखणीसाठी. त्यांच्यात क्षाराचं संपृक्त द्रावण असतं, म्हणून हवा कोरडी झाली की ती पाणी सोडतात आणि ओली झाली की ओढून घेतात, आणि ४९च्या आसपास थांबतात. दोन पाकिटं जाळीच्या पिशवीतून साउंडहोलमध्ये तारांवर अडकवतात, तिसरं हेडस्टॉकपाशी. मात्र एका पाकिटात पाणी मोजकंच. वाळलेल्या गिटारला ६०-७० ग्रॅम हवं असताना ती सुरुवातीलाच लावलीत तर बघता बघता आतून कडक होतील आणि पैसे जातील. आधी स्पंजने भूक भागवा, मग पाकिटं लावा. द्रवाचा मऊपणा जाऊन पाकीट कडक, खडीसाखरेसारखं लागलं की बदलायचं.

एक राहिलं. कुणी फ्रेटबोर्डला तेल लावायला सांगेल. रोझवूडला वर्षातून एकदा तीन-चार थेंब पातळ मिनरल ऑइल, दहा मिनिटांनी कोरड्या फडक्याने पुसून, हे ठीक आहे. खोबरेल, गोडेतेल नको, ते खवट होऊन चिकटतं. आणि तेल म्हणजे पाणी नव्हे. त्याने तडा मिटत नाही.

---

दर्यावर्दी

आता रत्नागिरीचं. जूनच्या दुसऱ्या आठवड्यापासून किनाऱ्यावर ८५-९० टक्के आर्द्रता दिवसचे दिवस राहते. घरातलं दार चौकटीत अडायला लागतं, त्याच सुमाराला गिटारचा टॉप फुगतो. पोटाला फुगवटा येतो, ब्रिज वर जातो, ॲक्शन अर्धा ते एक मिमी वाढते. आवाज बसतो, पापड सादळल्यासारखा. सर्वांत धोक्याचं म्हणजे ब्रिजची मागची कड. तिथे कागद सरकवून बघायचा. साधा कागद कडेखाली २ मिमीहून जास्त शिरला तर गोंद सुटायला लागलाय, लगेच तारा उतरवा. लॅमिनेट गिटारला तडा सहसा जात नाही, पण हा ब्रिज उचकटण्याचा त्रास तिलाही होतो. तेव्हा "माझी प्लायची आहे, मला काय" असं कुणी म्हणू नये.

सिलिका जेलविषयी नीट सांगतो, कारण यात दोन्हीकडे चुका होतात. केसमधल्या हवेत पाणी किती? केस साधारण १०० लिटरची धरली तर ३० अंशांना, ८५ टक्क्यांनाही, दोन-तीन ग्रॅमच. पण सादळलेल्या लाकडात दोनशे ग्रॅमहून जास्त पाणी असतं, त्यातलं ५०-६० काढायचं असतं, आणि केसच्या फटीतून नवी ओल येतच राहते. म्हणून बुटाच्या खोक्यात मिळणाऱ्या दोन पुड्या टाकून काही होत नाही.

उलट, अर्धा किलो कडक वाळवलेली सिलिका घट्ट बंद केसमध्ये टाकली तर ती ५०ला थांबत नाही. तिला थांबायचं कळत नाही, पाकिटांसारखं ते काम नाही. हिशेब केला तर अर्ध्या किलोने हवा ४० टक्क्यांपर्यंत उतरते आणि २५० ग्रॅमने ५५च्या आसपास. कोकणात मला ५५ पुरेसं वाटतं. तेव्हा २०० ते २५० ग्रॅम, मलमलच्या दोन पुरचुंड्या शिवून, एक हेडस्टॉककडे, एक टाचेकडे. मीटर आत. ६२-६३ झालं की पुरचुंड्या बदलायच्या. बदलत्या दोन जोड्या ठेवा.

रंग बदलणारी घ्या, नारिंगीची हिरवी होणारी. निळी-गुलाबी होते तिच्यात कोबाल्ट क्लोराइड असतं, ते विषारी, घरात नको. वाळवताना ताटलीत पातळ थर पसरून ओव्हनमध्ये ११० ते १२० अंशांवर दोन तास. यापेक्षा जास्त तापवली तर रंग जातो. थंड होईतो घट्ट डब्यात ठेवा, उघड्यावर ठेवली तर केसमध्ये जाण्याआधीच ओल धरते.

कपाटात टांगायच्या पिशव्या मिळतात, ज्यांच्या खाली पाणी साठतं, त्या कॅल्शियम क्लोराइडच्या. त्या कपाटातच. केसमध्ये कधीही नाही. साठलेलं पाणी खारं असतं, सांडलं तर लाकूड, फिनिश, फ्रेट काहीच वाचत नाही.

कपाटात पिवळा बल्ब लावायची जुनी पद्धत आहे. तिच्यात तथ्य आहे: ३० अंशांची ८५ टक्क्यांची हवा ३५ अंशांना नेली की ६५ टक्क्यांवर येते, पाणी तेवढंच असूनही. पण रात्रभर तापलेला बल्ब कपड्यांशेजारी ठेवणं मला मान्य नाही, आणि एलईडी लावला तर तेवढी ऊब मिळत नाही. दोन-तीन वाद्यं असतील तर दिवसाला दहा-बारा लिटर क्षमतेचा डीह्युमिडिफायर (हवेतली ओल काढणारं यंत्र) घेऊन एक खोली दारं-खिडक्या बंद करून ५५वर ठेवणं जास्त सोपं. पणजी, मडगावकडेही ज्यांच्याकडे गिटारसोबत व्हायोलिन, मँडोलिन असतं त्यांना हेच सांगेन.

गिटार बाहेरच्या भिंतीवर टांगू नका. पावसाळ्यात त्या भिंतीला ओल येते आणि पाठीमागची हवा खोलीपेक्षा जास्त दमट असते. केसच्या अस्तरावर पांढरी बुरशी दिसली तर केस उन्हात उघडी टाका, गिटार नव्हे.

---

अनुनाद

दर्यावर्दींना जोड. दरवर्षी कोकण-विदर्भ करणाऱ्या गिटारला दोन सॅडल (ब्रिजवर तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी) ठेवा. पावसाळ्यात टॉप उचलला की ॲक्शन वाढते, आणि लोक मूळ सॅडल घासून कमी करतात. मग उन्हाळ्यात टॉप बसला की तार फ्रेटला लागते आणि घासलेलं परत येत नाही. म्हणून मूळ सॅडल जपून ठेवा, हाडाचं दुसरं करून घ्या. १२व्या फ्रेटवर अर्धा मिमी कमी हवं असेल तर सॅडल १ मिमीने कमी लागतं, दुप्पट. सॅडलच्या तळाला पेन्सिलने "पा" आणि "उ" लिहून ठेवा, म्हणजे बदलताना गोंधळ नको.

पण आधी आर्द्रता, मग सॅडल. केसमध्ये ५०-५५ राखलंत तर दुसऱ्या सॅडलची गरज बहुधा लागणारच नाही.

---

टोरांटोकर

इथे थंडीत हाच प्रश्न नागपूरच्या मे महिन्याहून बिकट होतो, म्हणून भारतातून गिटार आणणाऱ्यांसाठी लिहितोय. बाहेर उणे १० अंश आणि ७० टक्के आर्द्रता असेल तर एक घनमीटर हवेत दीड-पावणेदोन ग्रॅम पाणी असतं. तीच हवा हीटिंगने २१ अंशांना आली की तिची आर्द्रता ८ टक्क्यांच्या आसपास येते. स्वयंपाक, अंघोळ, माणसांचे श्वास यांनी ती १५-२५ होते. बाहेर बर्फ दिसतोय म्हणून हवा ओली असेल असं वाटतं, आणि तिथेच फसायला होतं.

पुण्याच्या हवेतली गिटार डिसेंबरात थेट इथे आली तर महिनाभरात तडा जाऊ शकतो. शक्य असेल तर निघण्याआधी महिनाभर तिला केसमध्ये ५० टक्क्यांवर आणा. इथे पोचल्यावर केस उघडायची घाई करू नका. विमानातून, बाहेरच्या थंडीतून आलेली केस खोलीत बंदच ठेवा, किमान बारा तास, चोवीस उत्तम. गार फिनिशवर एकदम उबदार हवा लागली की फिनिशला कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेघा जातात, विशेषतः नायट्रोसेल्युलोज लॅकर असेल तर.

अख्खं घर ५० टक्क्यांवर ठेवायला जाऊ नका. कडक थंडीत खिडक्यांच्या काचांवर पाणी धरतं, चौकटींना बुरशी येते. घर ३५, केस ४८. बेसबोर्ड हीटर आणि जमिनीतले हवेचे झरोके यांपासून केस दूर. अल्ट्रासॉनिक ह्युमिडिफायर असेल तर डिस्टिल्ड पाणीच वापरा, नळाच्या पाण्याने सगळ्या खोलीत पांढरी भुकटी बसते, तारांवरही.

---

वैदर्भी_सूर

२४ दिवस झाले. पॉलिथिनच्या पिशवीत मीटरचे ४ मिळवून ४९ येतात, आठवडाभर स्थिर. पोलादी पट्टी आता मध्ये टेकते, टोकांना पाऊण मिमी फट. ॲक्शन २.२. फ्रेट टोचत नाहीत. तडा मिटलाय: अंधारात टॉर्च धरला तर उजेड दिसत नाही, नख मात्र किंचित अडकतं. आता दुरुस्ती कशी करून घ्यावी, आणि ती रत्नागिरीला जाण्याआधी की नंतर?

---

लाकूडकाम

वाचून फार बरं वाटलं. दुरुस्ती आत्ता, जाण्याआधी. तडा ४९ टक्क्यांना मिटलेला आहे, गोंद घालायची हीच वेळ. रत्नागिरीत सादळलेल्या अवस्थेत चिकटवला तर पुढच्या उन्हाळ्यात परत ताणला जाईल.

काम अनुभवी माणसाकडून करून घ्या, पण तो काय करतोय हे तुम्हाला कळायला हवं, म्हणून लिहितो. गोंद टाइटबाँड ओरिजिनल (लाकडाचा पिवळा गोंद) किंवा गरम हाइड ग्लू (सरस). टॉपवर गोंदाची रेघ ओढून एक हात साउंडहोलमधून आत घालतात आणि तडा खालून हलके वर-खाली दाबतात. फट उघडते-मिटते तसा गोंद आत ओढला जातो. आतून थेंब दिसला की पोचला. लगेच ओल्या फडक्याने बाहेरचा पुसायचा, दोन्ही काठ एका पातळीत आणायचे. तडा ब्रेसवरून जात असेल तर तिथे ब्रेस सुटली आहे का, हे पातळ पात्याने चाचपून घ्यायचं. सुटली असेल तर आधी ती.

मग आतून क्लीट. स्प्रूसच्या १२ ते १५ मिमीच्या, दीड-दोन मिमी जाड चौकोनी चकत्या, शंकरपाळ्यासारख्या तिरक्या बसवलेल्या, कडा उतरत्या घासून शून्यावर आणलेल्या. त्यांच्या रेषा तड्याला आडव्या हव्यात, समांतर नव्हेत, नाहीतर चकतीही तिथेच फाटते. तुमच्या ७ सेंमीला दोन पुरतील, एक टोकाजवळ. दाबायला आत एक आणि बाहेर एक निओडिमियम चुंबक, मध्ये पॉलिथिनचा तुकडा, म्हणजे चिकटत नाही. चोवीस तास तारा नाहीत, नंतर दोन दिवस अर्ध्या ताणावर. कुणी "क्लीट कशाला, वरून भरून पॉलिश मारून देतो" म्हणालं तर गिटार परत घेऊन या.

फट मिटलीच नसती तर स्प्रूसची पातळ पाचर बसवावी लागली असती. तुमच्यावर ती वेळ आली नाही.

प्रवासात गिटार पॉलिथिनच्या पिशवीतच राहू द्या, तारा एक स्वर उतरवून. रेल्वेत खिडकीखाली उन्हात नको, एसी डब्यात हवेच्या झोतासमोर नको. साबणदाण्या निघायच्या आदल्या दिवशी काढा, हलताना एक थेंबही आत नको. पोचल्यावर पिशवी तशीच बंद ठेवा, फक्त साबणदाण्यांच्या जागी दर्यावर्दींच्या पुरचुंड्या, आणि पहिल्या आठवड्यात २५० नव्हे, १०० ग्रॅमने सुरुवात. गिटार ४९ वर आहे, तिला वाळवायचं नाही, बाहेरची ओल अडवायची आहे.

---

दर्यावर्दी

बरोबर. आणि जुलैत वाजवायला बाहेर काढली तर तासाभराने परत आत. वाजवून झाल्यावर घामाच्या तारा सुती फडक्याने खालून-वरून पुसा, खाऱ्या हवेत साध्या तारा पंधरा दिवसांत काळ्या पडतात. कोटेड घेतल्यात तर बऱ्याच जास्त टिकतील.